सरकारच्या दुसऱ्या वहीचाही हिशेब मागा



आपल्याकडे एकत्र कुटुंबात कर्त्या माणसाजवळ एक वही असते. केळीचा बाग कापला, व्यापाऱ्याने पैसे दिले की ते तिच्यात जमा. सालदाराची उचल, खताचे बिल, सोसायटीचा हप्ता, पोरीच्या लग्नाचा खर्च, सगळे तिच्यातच. धाकटे भाऊ रोज वही बघत नाहीत. पण दिवाळीला बसले की ती समोर उघडते, आणि काय राहिले, काय गेले ते सर्वांना कळते. घर टिकते ते त्या वहीवर.

आता समजा कर्त्याने दुसरी एक वही ठेवली. वावराच्या बांधावरचे लाकूड विकले, ते त्या वहीत. एका विहिरीसाठी बाहेरून कर्ज काढले, तेही त्यातच. मनात पाप नाही, घरासाठीच सारे चालले आहे. पण दिवाळीला ती वही उघडत नाही. मग एखाद दिवशी सावकार किंवा बँकेचा माणूस दारात येतो आणि धाकट्यांना कळते की आपल्यावर एवढे कर्ज आहे. हिस्सेवाटणीची भांडणे बहुतेक अशा दुसऱ्या वहीतून निघतात.

सरकारचेही तसेच आहे. मार्च महिन्यात मुंबईत अर्थसंकल्प मांडला जातो. आपण पेपरात वाचतो, शेतीला किती, पाटबंधाऱ्याला किती. ती झाली पहिली वही. तिच्याबाहेरही सरकारचा बराच पैसा फिरत असतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. आज त्या पैशाबद्दल लिहायचे आहे. विषय मुंबईचा वाटेल, पण तो आपल्या विहिरीच्या पाण्यापर्यंत येतो.

तीन पेट्या आणि चौथी जागा

राज्यघटनेने राज्याच्या पैशासाठी तीन पेट्या सांगितल्या आहेत. पहिली राज्याचा एकत्रित निधी. कर, फी, कर्ज, केंद्राचे अनुदान यात येते आणि विधानमंडळाच्या मंजुरीशिवाय यातून एक रुपया काढता येत नाही. दुसरी आकस्मिकता निधी, म्हणजे अचानक संकट आले तर हात घालायची पेटी. तिसरी लोकलेखा. यात सरकारजवळ ठेव म्हणून आलेले पैसे असतात, जसे भविष्य निर्वाह निधी, अनामत, निरनिराळे राखीव निधी. लोकलेख्यातून पैसे काढायला विधानमंडळाचे मत लागत नाही, कारण तो पैसा सरकारचा नसून ठेवीदाराचा, अशी मूळ कल्पना.

या तिन्ही पेट्यांच्या बाहेर एक चौथी जागा आहे. महामंडळे, कल्याणकारी मंडळे, नोंदणीकृत संस्था, प्रतिष्ठाने यांची बँकेतली खाती. कायद्याने वा शासन निर्णयाने उभी राहिलेली ही खाती बेकायदा नाहीत. पण तिथला खर्च आमदार मतदानाने मंजूर करत नाहीत आणि तो अर्थसंकल्पाच्या पुस्तकात पूर्ण दिसत नाही. हिशेब वेळेवर लिहिला नाही तर विचारणारे थोडे.

एक प्रकार तर पेटीच्या आत असून बाहेरच्यासारखा वागतो. त्याला 'स्वीय प्रपंजी लेखा' म्हणतात. कचेरीतले लोक 'पी. एल. ए.' म्हणतात. मार्चअखेर आला, निधी परत जाऊ नये म्हणून काढला आणि या खात्यात टाकला, की वहीत तो खर्च झाला असे दिसते. रस्त्यावर मात्र खडीचा एक डंपरही पडलेला नसतो. महालेखापालांनी या सवयीवर अनेक अहवालांत बोट ठेवले आहे. मार्चमध्ये कोणत्याही कचेरीत गेलात तर तिथली धावपळ पाहून हे तुम्हाला उमगेल.

आपल्याच पदरचे पैसे

हा पैसा कोणा दुसऱ्याचा आहे असे समजू नका. तीन उदाहरणे देतो.

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला २,५००. हा कर १९७५ च्या कायद्याने सुरू झाला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७२ च्या दुष्काळात या योजनेने लाखो हातांना काम दिले. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदाराने कर द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि तो पैसा रोजगार हमी निधीत ठेवायचा, अशी चोख व्यवस्था होती. पण कर गोळा होऊनही निधीत पूर्ण वर्ग झाला नाही, असे ताशेरे महालेखापालांना मारावे लागले. नाव निधीचे आणि पैसा इतरत्र, असे होऊ लागले की कर देणाऱ्याचा विश्वास उडतो.

दुसरे उदाहरण सरपंच मंडळींना लगेच पटेल. ग्रामपंचायतीने समाजमंदिर बांधले, काँक्रीट रस्ता केला, की ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का उपकर कापला जातो. तो जातो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे. हा उपकर १९९६ च्या कायद्याने सुरू झाला. देशभरात हा पैसा मोठ्या प्रमाणावर पडून राहिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत राज्यांना फटकारले. आपल्या गावातला गवंडी, सेंट्रिंगवाला, विटा वाहणारी बाई यांच्या नावाने गोळा झालेला तो पैसा. आपल्या गावातून किती गेला आणि किती परत आला, हे कोणत्या ग्रामसभेत कधी सांगितले गेले का?

तिसरे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात असे प्रतिष्ठान आले. आपल्या राज्यात वाळू, मुरूम, दगड या गौण खनिजाच्या स्वामित्वधनावरही १० टक्के रक्कम या निधीसाठी घेतली जाते. ज्या गावच्या नदीतून डंपर गेले, ज्या रस्त्याची चाळण झाली, त्या गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळेसाठी हा पैसा आधी जावा असे त्याचे सूत्र. हा पैसा जिल्ह्यातच राहतो, ही गोष्ट चांगली. पण तो राज्याच्या पहिल्या वहीत येत नाही, म्हणून जिल्ह्यातल्या लोकांनीच त्यावर डोळा ठेवला पाहिजे. तापीकाठच्या, गिरणाकाठच्या किती गावांनी त्याची यादी मागवली?

महामंडळाचे कर्ज कोणाचे?

आता पाण्याकडे येतो.

१९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कृष्णेच्या पाण्यातला आपला वाटा २००० सालापर्यंत अडवायचा होता आणि अर्थसंकल्पात तेवढा पैसा नव्हता. म्हणून महामंडळाने लोकांना रोखे विकून पैसा उभारायचा आणि सरकारने हमी द्यायची असा मार्ग निघाला. मागोमाग विदर्भ, कोकण, मराठवाडा आणि आपले तापी पाटबंधारे विकास महामंडळ आले. आपल्या महामंडळाचा कायदा १९९७ चा, मुख्य कचेरी जळगावात. त्यालाही कर्ज उभारण्याचा अधिकार कायद्याने मिळाला.

हेतू वाईट नव्हता. पाणी लवकर अडावे, हाच होता. पण कर्ज महामंडळाच्या नावावर असले तरी फेडणार कोण? कालव्याच्या पाणीपट्टीतून रोख्यांचे व्याजही निघत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरालाही समजते. म्हणजे फेड शेवटी सरकारच्या तिजोरीतून, आणि तिजोरी तुमच्या-आमच्या करातून. घरच्या कर्त्याने मेव्हण्याच्या नावावर कर्ज काढले आणि हप्ते स्वतःच भरले, तर ते कर्ज कोणाचे?

हीच गोष्ट केंद्राने २०२२ मध्ये राज्यांना कळवली. ज्या कर्जाचे मुद्दल किंवा व्याज राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडले जाते, ते महामंडळाच्या नावावर असले तरी राज्याचेच कर्ज धरले जाईल, असे ठरले. त्यावर काही राज्यांनी तक्रार केली. पण केंद्राच्या घरीही हेच चालत होते. धान्य खरेदीचे अनुदान वेळेवर न देता अन्न महामंडळाला अल्पबचतीच्या निधीतून कर्ज घ्यायला लावले जाई. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात ती पद्धत बंद करून तो बोजा उघड वहीत आणला. तूट एकदम मोठी दिसली. पण मोठी दिसली ती खरी दिसली, हे महत्त्वाचे.

महामंडळे आल्यावर कामांचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. अमळनेर तालुक्यातील पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्पाची मूळ किंमत सुमारे १४२ कोटी रुपये होती. सुधारित मान्यता होत होत ती ४,८०० कोटींच्या वर गेली. एक पिढी वाट पाहण्यात गेली. सारंगखेडा, प्रकाशा येथे बॅरेज बांधून पाणी अडले, पण काठावरच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद राहिल्या. नदी भरलेली आणि वावर कोरडे, असे दृश्य तिकडच्या शेतकऱ्यांनी पाहिले.

२०१२ मध्ये राज्यात मोठा गाजावाजा झाला. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून दहा वर्षांत ओलिताचे क्षेत्र अवघे ०.१ टक्क्याने वाढले असा अर्थ निघाला, आणि सत्तर हजार कोटी गेले कुठे हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका काढली, तिच्यातले आकडे निराळे होते. मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि सुधारित मान्यता देताना नियम पाळले गेले नाहीत, असे त्यात नमूद झाले.

मला त्या राजकारणात शिरायचे नाही, माझी ती पायरीही नाही. मी एवढेच म्हणतो की एका खात्याचा आकडा दुसऱ्या खात्याला जुळत नाही आणि भांडण झाल्यावर हिशेब शोधावा लागतो, तेव्हा दोष फक्त माणसांचा नसतो, वहीचाही असतो. खर्च एका वहीत, कर्ज दुसऱ्या वहीत आणि ओलीत झालेले एकर तिसऱ्याच वहीत, अशी रीत असली की खरे सांगणाऱ्यालाही खरे सिद्ध करता येत नाही.

माझीच गोष्ट

दुसऱ्याचे सांगतो आणि स्वतःचे झाकतो असे नको. म्हणून माझी एक गोष्ट सांगतो.

नोकरीत नवा होतो, दुसऱ्या तालुक्यात. आम्ही एक पीक परिसंवाद आणि प्रदर्शन भरवले. त्यासाठी समिती केली, बँकेत वेगळे खाते उघडले. बियाणे-औषध विक्रेत्यांकडून स्टॉलचे भाडे घेतले, शेतकऱ्यांकडून पावत्या फाडून वर्गणी घेतली. जमा झाले १ लाख ८४ हजार. कार्यक्रम झकास झाला. मंडप, जेवण, पाहुण्यांचा प्रवास जाऊन ३७ हजार उरले. ते खात्यातच राहिले.

खाते कचेरीच्या रोकड वहीत नव्हते. लेखापरीक्षणाचे पथक आले, रोकड वही तपासली, चहा घेतला आणि गेले. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. वरिष्ठांची बदली झाली. दोन वर्षे गेली. मीही विसरलो असतो.

एका गावच्या बैठकीत एक वयस्कर शेतकरी उठले. म्हणाले, "साहेब, त्या परदर्शनाले मी पाचशेची पावती फाडली व्हती. त्याचा हिसोब कुठं लागला?" मी म्हणालो, "आबा, सगळं व्यवस्थित आहे, काळजी करू नका." त्यांनी शांतपणे विचारले, "सर्वं बरोबर हाये म्हनता, मंग दाखवाले काय होतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. रात्री कपाट उपसले. पासबुक सापडले, बिलांचा गठ्ठा सापडला. जुळवले तर ११,४०० रुपयांची बिलेच नव्हती. खर्च झाला होता, मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला मी स्वतः हातात पैसे दिले होते, पण कागद घेतला नव्हता. पैसा मी खाल्ला नव्हता. पण ज्याने खाल्ला असता त्याच्याजवळही नेमका एवढाच कागद असता. आमच्या दोघांत फरक दाखवणारे काहीच नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बदलून गेलेल्या वरिष्ठांना फोन केला. आम्ही दोघांनी ती रक्कम पदरची भरली, एका कागदावर जमाखर्च लिहून कचेरीच्या फळ्यावर लावला आणि सगळी शिल्लक माती परीक्षणाच्या शिबिरांना लावून खाते बंद केले. आबांना बोलावून कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, "आता बरं झालं."

म्हणून मी सांगतो, वहीबाहेरच्या खात्यात चोराला आडोसा मिळतो हे खरेच, पण प्रामाणिक माणूसही तिथे उघडा पडतो. हिशेब मागणाऱ्याला आपण खोडसाळ समजतो. तो खरे तर आपल्यासारख्यांची अब्रू राखतो.

बाहेर का ठेवतात?

माझे सहकारी म्हणतात, "बाबा रे, सगळा पैसा तिजोरीतून यायचा म्हटला तर कामे होतील का? बिले कोषागारात अडकतात, मार्चला निधी परत जातो. संस्थेच्या खात्यात पैसा असला की वेळेवर बियाणे देता येते."

या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. पेरणी जूनमध्ये आणि मंजुरी सप्टेंबरमध्ये, हा अनुभव तुम्हालाही आहे. केंद्राच्या कित्येक योजनांचा पैसा एके काळी म्हणूनच सरळ जिल्ह्याच्या संस्थांना येई. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा, आमची 'आत्मा', शिक्षणाची, आरोग्याची संस्था, सगळ्यांची आपापली खाती. राज्याच्या अर्थसंकल्पात तो पैसा दिसत नसे. एका योजनेची दहा खाती, प्रत्येकात थोडी शिल्लक, आणि एकूण किती पडून आहे हे कोणालाच एका दमात सांगता येत नसे. २०१४-१५ पासून हा पैसा राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला. २०२१ पासून एका योजनेला राज्यात एकच मुख्य खाते ठेवायचे, खालच्या कचेऱ्यांनी त्यातूनच खर्च करायचा, अशी पद्धत आली. सुरुवातीला आम्ही कुरकुर केली. आता संगणकावर एक बटण दाबले की शिल्लक कळते. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

तेव्हा माझे म्हणणे असे नाही की महामंडळे मोडा, सगळे निधी बंद करा. काही निधी वेगळे असणेच बरे. गवंड्याच्या नावाचा पैसा कोणी रस्त्याला वळवू नये म्हणून तो वेगळाच हवा. पैसा वेगळ्या पेटीत असला तरी चालेल. पेटीला काच असावी, एवढीच मागणी आहे.

आणि हेही खरे की अर्थसंकल्पात आला म्हणजे पैसा आपोआप शुद्ध झाला असे नाही. वहीतल्या पैशातही घोटाळे होतात. पण वहीत असले की विधानसभेत प्रश्न विचारता येतो, महालेखापालांना तपासता येते, लोकलेखा समितीला सचिवाला समोर बसवता येते. वहीबाहेर असले की आधी पैसा आहे हेच शोधावे लागते.

सरकारने काय करावे?

एक. अर्थसंकल्पासोबत दरवर्षी एक वेगळे पुस्तक काढावे. राज्यातली सर्व महामंडळे, मंडळे, प्रतिष्ठाने, संस्था यांची यादी त्यात असावी आणि प्रत्येकापुढे आरंभीची शिल्लक, वर्षातली जमा, व्याज, खर्च व अखेरची शिल्लक. साध्या मराठीत.

दोन. ज्या कर्जाला सरकारची हमी आहे आणि ज्याचे हप्ते तिजोरीतून जातात, ते राज्याच्या कर्जाच्या तक्त्यात एकत्र दाखवावे.

तीन. मागच्या वर्षाचे लेखापरीक्षण झाल्याशिवाय पुढच्या वर्षाचा हप्ता नाही. सोसायटीचा थकबाकीदार शेतकरी नवे पीककर्ज मागायला गेला तर त्याला जो नियम लावता, तोच महामंडळाला लावा.

चार. ठराविक मुदतीत न खर्चलेला पैसा व त्यावरचे व्याज कुठे गेले ते जाहीर करावे. पुष्कळदा मुद्दलाचा हिशेब असतो, व्याजाचा नसतो.

पाच. जिल्ह्यातल्या अशा सर्व निधींचा एक पानी गोषवारा जिल्हाधिकारी कचेरीने, जिल्हा परिषदेने आणि तहसीलने फळ्यावर लावावा, आणि संबंधित गावांच्या ग्रामसभेत तो वाचला जावा.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. आकडे कुठे ना कुठे लिहिलेले असतातच, ते एका जागी आणायचे आहेत.

आपण काय करावे?

सुरुवात आपल्यापासून. गावात पाणीपुरवठा समितीचे वेगळे खाते असेल, तंटामुक्ती बक्षिसाचे असेल, जुन्या लोकवर्गणीचे असेल. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, नमुना ५ च्या रोकड वहीशेजारी अशा सगळ्या खात्यांची यादी करा. बँकेत जाऊन पासबुके भरून आणा. येत्या ग्रामसभेत यादी वाचा. बंद करण्याजोगे खाते ठराव करून बंद करा. ज्याचे स्वतःचे घर स्वच्छ, त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहून विचारता येते.

मग जिल्ह्याला विचारा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातले कलम ४ सांगते की प्रत्येक कचेरीने आपली माहिती न मागता जाहीर करायची आहे. महामंडळे, मंडळे, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था त्यात येतात. नसेल केली तर अर्ज करा. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, उत्तराची मुदत ३० दिवसांची. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. अमुक निधीची ३१ मार्चअखेर शिल्लक, वर्षातली जमा, व्याज, खर्च, आणि शेवटचे लेखापरीक्षण कोणत्या तारखेला झाले, एवढे पाच मुद्दे विचारा. रागाने लिहू नका, कोणावर आरोप करू नका. बँकेतले बॅलन्स विचारतो तसे विचारा.

आणि हे आताच करायचे आहे, कारण आपल्या दारात मोठा पैसा येतो आहे. यावल आणि रावेर तालुक्यांत विहिरी किती खोल गेल्या हे मी सांगायला नको. भूजल सर्वेक्षणवाल्यांनी हे तालुके अतिशोषित ठरवले आहेत. बापाच्या वेळी मोटेने पाणी निघत होते, तिथे आज बोअरची नळी जमिनीत जात जात संपत नाही. तापी खोऱ्याच्या मेगा रिचार्ज प्रकल्पासाठी २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. खर्चाचा अंदाज १९ हजार कोटींच्या वर आहे. हा प्रकल्प व्हावा, लवकर व्हावा, असे मलाही मनापासून वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरले तर आपल्या केळीचे आयुष्य वाढेल.

पण पहिला डंपर लागण्याआधी विचारून ठेवू. यातले किती पैसे अर्थसंकल्पातून येणार? किती महामंडळ कर्ज काढून उभे करणार? त्या कर्जाला हमी कोणाची, व्याज कोणाच्या माथी? दरवर्षी किती खर्च झाला आणि किती पाणी मुरले, हे एकाच कागदावर कोण सांगणार? हे प्रश्न आज विचारले तर ती काळजी ठरते. वीस वर्षांनी विचारले तर चौकशी समिती लागते, आणि तोवर आपल्या विहिरीचे पाणी आणखी खाली गेलेले असते.

आपले फैजपूर म्हणजे १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाचे गाव. पंडित नेहरू अध्यक्ष होते, महात्मा गांधी आले होते. शेतसारा, खंड आणि शेतकऱ्याचे कर्ज यांवर कार्यक्रम मांडला गेला तो याच मातीत. तेव्हा शेतकऱ्याने परक्या सरकारला त्याच्या साऱ्याचा जाब विचारला. आज सरकार आपले आहे. आपल्या माणसाला हिशेब विचारायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण हिशेबाला बाप आणि लेक वेगळे, ही म्हण आपल्याच घरातली आहे.

त्या आबांचे वाक्य मी अजून विसरलो नाही. तुम्हीही ते लक्षात ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेत, पुढच्या मेळाव्यात, समोर कोणताही साहेब असो, मी असलो तरी, न भांडता विचारा: सगळं बरोबर आहे म्हणता, मग दाखवायला काय होतं?

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत. लेखातील मते त्यांची स्वतःची आहेत.)